बाईंच्या पाठीला टेकलेला तानपुरा

बाईंचा गळा गेला, असं आता विद्यालयात सगळे म्हणतात. नवीन मुलं नाव घालायला येतात, त्यांच्या आईवडिलांनाही तेच सांगतात. इथे पूर्वी फार मोठ्या गाणाऱ्या एक बाई शिकवायच्या, वय झालं, गळा गेला, मग त्या बहिणीकडे राहायला गेल्या. मी झाडू मारता मारता ऐकते आणि गप्प राहते. मला चारचौघांत बोलता येत नाही. बोलायला गेलं की तोंड सुकतं आणि शब्द मागे जातात. चौथीपर्यंत शिकले, गावात शाळा तेवढीच होती. पण लिहिताना समोर बसून कोणी माझ्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिणं मला जमतं. हे कोणाला दाखवायचं नाही.

बाईंचा गळा गेला नव्हता. कान गेले होते.

आमचं संगीत विद्यालय बल्लारपुरात आहे. गावातल्या लोकांनीच वर्गणी काढून बांधलं. शिकवायच्या दोन खोल्या, एक लांबट हॉल, हॉलच्या टोकाला हातभर उंचीचं स्टेज, आणि मागे एक खोली. त्या मागच्या खोलीत बाई राहायच्या. लग्न केलं नव्हतं. तिकडे कोल्हापूरकडच्या. रेडिओवर गायलेल्या. इथे वर्षभरासाठी म्हणून आल्या आणि राहून गेल्या. का राहिल्या ते कोणी विचारलं की म्हणायच्या, "इथल्या लोकांना गाण्यातलं कमी कळतं, पण ते मध्ये उठत नाहीत."

ते खरं होतं. विद्यालयात दर दोन-तीन महिन्यांनी मैफल व्हायची. बाईंच्या शब्दाखातर मोठमोठे गाणारे, सतारवाले नागपूरहून हैदराबादला जाताना आमच्या स्टेशनवर उतरायचे. हॉलमध्ये कागदाच्या गिरणीतली माणसं, खाणीतली माणसं, शाळांचे मास्तर, दूधवाला, सगळे सतरंजीवर मांडी घालून बसायचे. भद्रावतीच्या कॉलनीतले लोक एसटीने यायचे. त्यांना शेवटच्या गाडीसाठी लवकर निघावं लागायचं, ते मागे दाराजवळ बसायचे आणि निघताना चपला हातात घेऊन जायचे, आवाज होऊ नये म्हणून.

बाईंसोबत तबल्याला भाऊ असायचे. त्यांना लहानथोर सगळे भाऊच म्हणायचे. ते आमच्याच भागातले. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायचे. धान कापून झालं की गावोगाव फिरायचे. मग नागपूरला गुरूंकडे राहून नीट शिकले. बोटं जाड, शेतात काम केल्यासारखी, पण तबल्यावर पडली की वेगळीच व्हायची. त्यांचं तोंड कायम चालू असायचं.

मी तिथे झाडलोट करायची, चहा करायची, सतरंज्या घालायची. माझा नवरा कोळसा भरायच्या कामावर होता, छातीच्या दुखण्याने गेला. त्यानंतर मला हे काम मिळालं. मुलं मावशी म्हणायची, मोठेही मावशीच म्हणायचे.

तानपुरा माझ्या हातात आला तो असा. एका संध्याकाळी बाईंच्या मागे तानपुरा घेऊन बसणारी मुलगी आली नाही. लोक येऊन बसले होते. बाई दाराशी आल्या.

"अगं, हात धुऊन ये इकडे."

"मले?"

"तुलाच. आणखी कोण आहे इथे?"

"बाई, मले काही येत नाई."

"म्हणूनच तुला बसवते. ज्यांना येतं त्या मागे बसून माझ्या मध्येच गायला लागतात."

त्यांनी माझी बोटं धरून दाखवलं. पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तिन्ही त्याच्या शेजारच्या बोटाने. घाई करायची नाही, थांबायचं नाही, गाणं कुठेही गेलं तरी आपण आपल्या जागी राहायचं. तार लावायची ती बाई लावायच्या, मी फक्त छेडायची. मला भीती वाटली ती स्टेजची. पण बाई म्हणाल्या, "माझ्या पाठीमागे बस. तुला कोणी बघणार नाही." आणि खरंच, बाईंची पाठ रुंद होती. मी तिच्यामागे लपून बसले. त्यानंतर दरवेळी मीच बसू लागले.

भाऊ म्हणाले, "काय वं मावशी, तुमची तर थेट स्टेजवर बदली झाली! आता झाडू कोण मारन?"

"तुमी मारा," मी म्हणाले. भाऊंशी मला बोलता यायचं.

"हाव, मारतो ना. तीनतालात मारतो."

इतकी वर्षं मी बाईंची फक्त पाठ पाहिली. सूर चढवताना खांदे जरासे खाली जायचे, वर नाही. दम घेतला की ब्लाऊजची शिवण ताणायची. त्या काय गातात त्यातलं मला फार कळायचं नाही. पण पाठ कळायची.

बाईंच्या कानांचं मला आधी कळलं ते भोंग्यावरून. गिरणीचा भोंगा झाला की बाई हातातलं काम सोडून मान वाकडी करायच्या आणि त्याचा सूर सांगायच्या. थंडीत म्हणायच्या, "आज बिचारा खाली लागलाय." मुलं हसायची. मग एका दिवाळीनंतर त्यांनी भोंग्याबद्दल बोलणं बंद केलं. मला वाटलं, कंटाळल्या असतील. एक दिवस मी चहा घेऊन खोलीत गेले तेव्हा भोंगा चालू होता, आणि बाई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. मान हललीसुद्धा नाही. मी हाक मारली. माझा आवाज तसाही कोणाला ऐकू जात नाही, म्हणून पुन्हा मारली. मग खांद्याला हात लावला तेव्हा त्या इतक्या दचकल्या की सूप सांडलं.

आम्ही दोघी खाली बसून तांदूळ गोळा करत होतो. बाई जमिनीकडे बघूनच म्हणाल्या, "तुला कळलं."

मी मान हलवली.

"कोणाला सांगू नकोस. गाणं थांबवतील माझं."

एवढंच म्हणाल्या. नोकरी जाईल, खोली जाईल, असं काही म्हणाल्या नाहीत. ते दोन्ही जाणारच होतं, पण त्यांना भीती होती ती गाण्याची.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्या मला सोबत घेऊन गेल्या. डॉक्टर काय म्हणाले ते मलाच ऐकून त्यांना सांगावं लागलं. कानाची नस वाळत चालली आहे, थांबवता येत नाही, हळूहळू पूर्ण जाईल. मी त्यांच्या समोर उभी राहून ओठ हलवून हे सांगितलं. त्यांनी कानात घालायचं मशीन घेतलं. परतीच्या गाडीत बाईंनी ते घालून बघितलं आणि स्वतःशीच हळू एक सूर लावला. मग मशीन काढून पर्समध्ये टाकलं.

"सगळं ऐकू येतं यातून," त्या म्हणाल्या. "चाकं, चणेवाला, सगळं. फक्त सूर येत नाही. सूर पत्र्यासारखा येतो."

ते मशीन त्यांनी पुन्हा घातलेलं मी पाहिलं नाही.

त्या पुढच्या मैफलीच्या आधी, दुपारी, आम्ही दोघीच हॉलमध्ये होतो. मी तानपुरा छेडत होते आणि बाई गायला बसल्या होत्या. सूर लागत नव्हता. लागला की सुटत होता. मग दम खायला त्या मागे रेलल्या आणि त्यांची पाठ तानपुऱ्याच्या भोपळ्याला टेकली. त्या तशाच राहिल्या. मी उठून तानपुरा बाजूला घ्यायला लागले, तर म्हणाल्या, "हलवू नकोस. छेड."

मी छेडत राहिले. बाईंनी डोळे मिटले. मग पाठ तशीच टेकवून सा लावला, आणि तो लागला.

मला नवल वाटलं नाही. माझे वडील गावच्या तलावात मासे धरायचे. जाळं पाण्यात सोडून काठावर बसले की जाळ्याची दोरी बोटावर धरून ठेवायचे. पाण्यात काय चाललंय ते डोळ्याला दिसायचं नाही, कानाला ऐकू यायचं नाही, बोटाला कळायचं. मी लहानपणी विचारायची, "बाबा, मासा लागला हे तुमाले कसं समजते?" ते म्हणायचे, "दोरी सांगते." बाईंना भोपळा सांगत होता.

तेव्हापासून तसंच चाललं. मी बाईंच्या अगदी जवळ बसायची, भोपळा त्यांच्या पाठीला लागेल असा. समोरून कोणाला कळायचं नाही. भोपळा लागला की बाई नीट गायच्या. पूर्वीसारख्या नाही, पूर्वी त्या खेळायच्या, आता भिंत धरून चालल्यासारख्या गायच्या. पण चुकायच्या नाहीत.

शिकवणं मात्र बिघडलं. पूर्वी बाई फार कडक होत्या. एक सूर हलला की मांडीवर थाप मारून थांबवायच्या, पोरी रडत घरी जायच्या. आता त्या कोणाला थांबवत नव्हत्या. मुलांच्या तोंडाकडे बघत, मान डोलवत राहायच्या. पालक म्हणायला लागले, बाई आता किती प्रेमळ झाल्या! वर्गात मुलं वाढली. मी ओट्यावर कपबशा धुताना ते बेसूर गाणं ऐकायची, आणि मागून बाईंचा आवाज यायचा, "छान. पुढे."

भाऊंना मी सांगितलं नाही. एक दिवस चहा पिताना तेच म्हणाले, "बाई लय गोड झाल्या आजकाल. परवा मी मुद्दाम उलटा ठेका धरला, तर मान डोलावून राह्यल्या."

मी बशी पुसत राहिले.

"मावशी, किती दिवसांपासून आहे हे?"

मी दुसरी बशी घेतली.

"नाई सांगणार तुमी. बरं. मीबी नाई विचारत." त्यांनी कप खाली ठेवला. "पण तानपुरा यापुढे मी लावून देत जाईन. त्यायच्या हातानं आता तो लागत नाई."

मग मैफलीच्या दिवशी भाऊ लवकर यायचे आणि तानपुरा स्वतः लावायचे. बाईंना म्हणायचे, "तुमी कायले त्रास घेता? आम्ही कशासाठी आहो?" बाई त्यांच्याकडे बघायच्या आणि हातातल्या खुंट्या सोडून द्यायच्या. दोघांमध्ये त्याबद्दल एक शब्दही झाला नाही. असे दोन गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम गेले.

तिसऱ्या गुरुपौर्णिमेला मुलांनी बाईंचा सत्कार ठरवला. बाईंची पहिली विद्यार्थिनी म्हणजे बँकेतल्या ताई. त्यांचा बाईंवर फार जीव. बाईंना ताप आला तर त्या घरून पेज करून आणायच्या. त्यांनीच सगळं मनावर घेतलं. काय द्यायचं ते कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

त्या दिवशी भाऊंनी सकाळीच तानपुरा लावून ठेवला. दुपारी त्यांना कोणाकडे तरी अंत्यविधीला जायचं होतं. बाई मारवा राग गाणार होत्या. भाऊ त्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, "दुसरं काही घ्या ना. सोपं."

बाई म्हणाल्या, "दिवस मावळताना दुसरं काय घेऊ?"

मारव्याचं बाईंनी मला एकदा सांगितलं होतं. त्यात सा लवकर घेत नाहीत. सगळीकडे फिरायचं, त्याच्या अंगणापर्यंत यायचं आणि परत जायचं. ऐकणाऱ्याचा जीव टांगून ठेवायचा. मग फार उशिरा सा येतो, तेव्हा सगळ्यांना घरी आल्यासारखं वाटतं.

दिवसभर भुरभुर चालू होती. हॉल भरला. ओल्या छत्र्या दाराशी लावल्या होत्या. अध्यक्ष, म्हणजे निवृत्त झालेले हेडमास्तर, माईकवर बोलले. शाल दिली, नारळ दिला. मग ताईंनी रंगीत कागदात बांधलेला एक खोका बाईंच्या हातात दिला. आत विजेवर चालणारा तानपुरा होता. छोटी पेटी असते तशी. बटण दाबलं की आपोआप वाजत राहतो.

अध्यक्ष माईकवर म्हणाले, "आता बाईंना कोणावर अवलंबून राहायला नको. आणि आमच्या मावशींच्या बोटांनाही जरा आराम!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई हसत होत्या. अध्यक्षांचं तोंड माईकमागे होतं, ओठ दिसत नव्हते. काय बोलले ते त्यांना कळलं नव्हतं.

मी तानपुरा आणायला मागे निघाले, तर ताईंनी माझा दंड धरला. पुढच्या रांगेत एक खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती. खुर्चीवर गुलाबाचं फूल.

"मावशी, आज समोर बसून ऐका. इतकी वर्षं नुसती पाठ बघितली तुम्ही."

"ताई, बाईंले तो तानपुरा लागते," मी म्हणाले. मला वाटतं मोठ्याने म्हणाले.

"ही पेटी त्याहून चांगली आहे, मावशी. हवा बदलली तरी हिचा सूर उतरत नाही." आणि त्यांनी मला प्रेमाने खुर्चीवर बसवलं.

पेटी बाईंच्या समोर ठेवली, तिची वायर स्पीकरला जोडली. हॉलभर तानपुरा घुमायला लागला. बाई बसल्या, पदर सारखा केला, आणि मागे रेलल्या. मागे काही नव्हतं. त्यांनी वळून बघितलं. मग समोर बघत बघत मला शोधलं. मी खुर्चीवर, मांडीत फूल घेऊन बसले होते. बाईंचा चेहरा मी गाताना कधी पाहिला नव्हता, तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

त्या नाही म्हणू शकल्या असत्या. पण कारण काय सांगणार? ज्या मुलांनी पेटी आणली ती समोर दाटीवाटीने बसली होती. बाईंनी भाऊंना विचारलं, "लागलीय?" भाऊंनी मान हलवली. त्यांनी तबला पेटीशी मिळवला आणि डग्गा ओढून बाईंच्या गुडघ्याजवळ घेतला. जमिनीतून काही पोचेल, असं त्यांना वाटलं असेल.

सुरुवात बरी झाली. इतक्या वर्षांची सवय होती गळ्याला. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. मग आवाज थोडा थोडा वर सरकायला लागला. फार नाही. भरलेली घागर डोक्यावर जराशी कलते तेवढाच. भाऊ जोराने वाजवायला लागले. बाई फिरत राहिल्या, अंगणापर्यंत यायच्या आणि परत जायच्या, लोक वाट बघत होते. मग त्या सा वर आल्या.

तो सा नव्हता.

ते कळायला कोणाचा कान शिकलेला असावा लागत नाही. हॉलमधले सगळे एकदम खाली बघायला लागले. बाई सा धरून होत्या, डोळे मिटून, दोन्ही हात पसरून, घरी आल्यासारख्या. एक छोटी मुलगी म्हणाली, "आई, बाई चुकल्या ना?" आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी कशी उठले मला आठवत नाही. फूल खाली पडलं. मागच्या खोलीतून तानपुरा उचलला, गवसणी काढली, आणि सगळ्या लोकांच्या मधून तो घेऊन चालत गेले. वाट द्यायला लोकांना पाय आखडावे लागले. कोणी तरी म्हणालं, "काऊन वं मावशी, काय झालं?" मी स्टेजवर चढले, बाईंच्या मागे बसले, भोपळा त्यांच्या पाठीला टेकवला आणि छेडायला लागले.

बाईंची पाठ ताठ झाली. मग सैल पडली. त्यांनी आवाज खाली आणला आणि भोपळ्याच्या सुरावर नेऊन ठेवला.

पण तानपुरा सकाळी लावलेला होता. दिवसभराच्या ओल्या हवेने तारा उतरल्या होत्या. मला लावता येत नाही, आणि उतरल्यात हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आता पेटी एक सांगत होती, तबला पेटीचंच सांगत होता, आणि आम्ही दोघी तिसरीकडे होतो. दोन लग्नमंडपांचे भोंगे एकाच वेळी सुरू व्हावेत तसं झालं. बाई माझ्या तानपुऱ्यात नीट गात होत्या, आणि तेच सगळ्यांत वाईट ऐकू येत होतं. लोक तोंडं वाकडी करायला लागले. ताई पदराने डोळे पुसत होत्या. अध्यक्ष उभे राहिले.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग हात लांब करून पेटीचं बटण बंद केलं. तबल्यावरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

मग फक्त तानपुरा आणि बाई. बाईंना काही कळलं नाही. त्या गात होत्या. पुन्हा सगळीकडे फिरल्या, पुन्हा अंगणापर्यंत आल्या. भद्रावतीच्या लोकांची गाडीची वेळ झाली होती. ते उठले नाहीत. मग बाई सा वर आल्या, आणि तो माझ्या छातीत, भोपळ्यात आणि त्यांच्या पाठीत एकच होता. अध्यक्ष उभ्याचे खाली बसले.

टाळ्या झाल्या. बाईंनी हात जोडले. मग डावीकडे बघितलं, तर भाऊंचे हात मांडीवर, समोर पेटीचा लाल दिवा विझलेला.

माईककडे पाठ करून त्यांनी विचारलं, "कधीपासून बंद आहे?"

भाऊ काही तरी म्हणाले.

"काय?"

भाऊ पुन्हा बोलले. ताई आणि अध्यक्ष तोवर स्टेजवर आले होते. बाई त्यांच्या तोंडाकडे, भाऊंच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणता? काय?" ताईंनी बाईंच्या मागे जाऊन टाळी वाजवली. बाई वळल्या नाहीत.

पुढचं सगळं हळू आवाजात झालं. कोणी बाईंना लागेल असं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष बाईंच्या खोलीत आले, हात जोडून उभे राहिले. मी बाईंना समोर बसून ओठांनी सांगत होते. ते म्हणाले, बाई, बहिऱ्या शिक्षिकेने आमच्या मुलांना शिकवलं असं पालकांत गेलं तर विद्यालय बंद पडेल. तुम्हीच वाढवलेलं आहे. गळ्याचं कारण सांगू या का?

मी हे सांगायला अडखळले. बाईंना माझ्या ओठांवरून अर्धंच कळलं, उरलेलं अध्यक्षांच्या हातांवरून कळलं.

"गळ्याचं सांगा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या गळ्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

दाराबाहेर भाऊ उभे होते. अध्यक्ष गेल्यावर म्हणाले, "गळा! याच्यापेक्षा कान म्हटलं असतं तर बरं होतं." ते महिनाभर वाजवायला आले नाहीत. नंतर आले. पण आता तोंड चालवत नाहीत.

बाईंची बहीण नागपुरात एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. ती येऊन बाईंना घेऊन गेली. घर लहान म्हणून तानपुरा इथेच राहिला. नवीन सर आले आहेत, चांगले शिकवतात, मुलांना थांबवतात. मैफली होतात. पेटी वाजते. तानपुरा मागच्या खोलीत गवसणीत उभा आहे. मी धूळ पुसते.

मागच्या महिन्यात मी बाईंना भेटायला गेले. दुपारची वेळ होती. बहीण बाहेरच्या खोलीतून आत गेली, स्वयंपाकघरात. बाई पलंगावर बसल्या होत्या, वाळल्या होत्या. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. बोलतात त्या फार मोठ्याने. मला बघून म्हणाल्या, "आलीस! पाठ दिसली नाही म्हणून ओळखायला वेळ लागला का गं?" आणि हसल्या.

मी खुणांनी सांगितलं, विद्यालय चालू आहे, भाऊ बरे आहेत, तानपुरा बरा आहे. मग बाईंनी माझा उजवा हात धरला. माझी बोटं आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर, मनगटाच्या वर ठेवली, आणि वाट बघत बसल्या.

मला कळलं. मी मधलं बोट ओढलं, मग शेजारचं, पुन्हा, पुन्हा. घाई केली नाही, थांबले नाही. बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या गायला लागल्या.

हातात सूर नसतो. बोटांनी नुसती चाल कळते. बाईंना वाटत होतं की त्या लावत आहेत. आवाज भरलेला होता, पूर्वीसारखा, कुठेही फाटलेला नव्हता, पण तो सुटलेल्या गुरासारखा कुठेही जात होता. भिंतीपलीकडून कोणी तरी भिंतीवर थापा मारल्या.

बहीण पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. ती वाईट बाई नाही. तिचे डोळे भरले होते.

"तिला गायला लावू नका हो मावशी," ती म्हणाली. "शेजारी भांडतात. आणि थांबायचं कधी, ते तिला सांगता येत नाही मला."

बाई डोळे मिटून गात होत्या. माझी बोटं चालू होती. मारवाच असावा, बाई घराच्या आसपास फिरत होत्या, अजून आत आल्या नव्हत्या.

मी बोटं थांबवली.

बाई थांबल्या. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, बहिणीकडे. माझा हात त्यांनी लगेच सोडला नाही. पण परत आपल्या मनगटावर ठेवलाही नाही.